आपल्या धंद्याची ‘खबर’

पुण्यात येरवडा, बोपोडी, ताडीवाला रोड, दांडेकर पूल, कुठेही जा. आपल्या वस्तीत अशी एक तरी ताई भेटतेच. बचत गटाचे कर्ज काढून तिने शिलाई मशीन घेतलेले असते. हातात कला असते, शिलाईही वाजवी असते. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कपडे, मेमध्ये लग्नाचे ब्लाउज, जूनमध्ये शाळेचे गणवेश. त्या दिवसांत तिला जेवायला फुरसत नसते. मग पाऊस लागतो आणि मशीन झाकून ठेवावे लागते. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतोच. लग्नात पाच ब्लाउज शिवून नेलेली बाई पुन्हा फिरकत नाही. ती रागावलेली नसते. ती फक्त विसरलेली असते.

गिऱ्हाईक विसरते, हेच लहान धंद्याचे मोठे दुखणे आहे. त्यावर एक स्वस्त आणि जुना उपाय आहे. ठरावीक दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात पडणारे आपल्या धंद्याचे छोटेसे वार्तापत्र! ‘हे मोठ्या कंपन्यांचे काम, आपले नव्हे,’ असे कोणी म्हणेल. पण याचा सर्वांत चांगला धडा आपल्याच महाराष्ट्रात गिरवला गेला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे करू लागले आणि १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. पण शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी भीती होती. नांगर चांगला होता, पण लोकांचा विश्वास नव्हता. १९१० साली त्यांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना हलवला. तीच किर्लोस्करवाडी.

हळूहळू नांगर खपू लागला. पण गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेले. त्याच्याशी बोलायचे कसे? १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे लहानसे पत्र काढले. कारखान्याच्या खबरी आणि अवजारांची माहिती लोकांपर्यंत पोचवावी, हा त्यामागचा हेतू. पण नुसत्या मालाच्या गुणगानावर ते थांबले नाहीत. घरच्या माणसांना वाचावेसे वाटेल असे लेखन त्यात येऊ लागले. पुढे नावातला ‘खबर’ शब्द गळला आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतले नावाजलेले मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. पुढे ही मासिके पुण्यातूनच निघत असत.

परदेशातही हेच घडले होते. अमेरिकेतल्या डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ म्हणजे ‘तास’ नावाचे पत्र काढले. त्यात शेतकऱ्याच्या कामाची माहिती असे. ते पत्र आजही निघते. दोन्हीकडचे मर्म एकच: आधी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे द्या, मग आपला माल सांगा.

त्याच १९२० सालची दुसरी गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही पुण्याच्या ‘केसरी’ने छापली नाही. ‘मूकनायक’ हे धंद्याचे पत्र नव्हते, तेव्हा तुलना करायची नाही. पण दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळेलच असे नाही, आपल्या कागदावर मात्र आपला हक्क असतो, हे त्यातून कळते.

आता आपल्या ताईने काय करावे? प्रथम एक वही करावी. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन आणि काय शिवले, एवढेच लिहावे. मग एक पान तयार करावे. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी सुवाच्य अक्षरात लिहून देईल. झेरॉक्सला पानामागे दोन रुपये धरले तरी शंभर घरांना दोनशे रुपये होतात.

पानाचा वरचा अर्धा भाग गिऱ्हाइकाचा. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. मुलांच्या गणवेशाला आत भरपूर माया ठेवून घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो. असे सांगणारा कागद कोणती आई फेकून देईल? खालच्या भागात आपला धंदा: काय शिवतो, शिलाई किती, कपडे किती दिवसांत मिळतील, कोणत्या वेळी भेटू. शेवटी एक ओळ घालावी: ‘हा कागद आणणाऱ्या ताईला एका साडीचे फॉल-बिडिंग मोफत.’ परत आलेले कागद मोजले की दोनशे रुपये वसूल झाले की नाही ते कळते.

वेळही साधावी लागते. जयंतीच्या कपड्यांचा कागद एप्रिलमध्ये वाटून उपयोग नाही. तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावा. गणवेशाचा मेमध्ये जावा. आणि पावसाळ्यात, मशीन रिकामे असताना, जुने कपडे उसवून नीट करण्याचे काम सांगावे. पगार होतो त्या आठवड्यात कागद घरात गेलेला बरा.

आज हातोहाती मोबाईल आहे, तेव्हा तेच पान व्हॉट्सॲपवरही पाठवता येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो. मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे, त्यांनाच तो मिळतो. म्हणून कपडे देतानाच ‘ताई, माझा नंबर ठेवा, महिन्यातून एकदाच निरोप पाठवीन’ असे सांगावे. विचारल्याशिवाय पाठवू नये आणि रोज फुलांची चित्रे पाठवून लोकांना विटवू नये.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. छापलेला भाव बदलू नये. दिलेली तारीख चुकवू नये. आणि एक पान काढून थांबू नये. निदान वर्षभर, ठरल्या दिवशी काढावे. कागदावर चार दिवस लिहून आठ दिवस लावले, तर तोच कागद आपल्याविरुद्धचा पुरावा होतो.

मेस चालवणाऱ्या मावशी, सायकल दुरुस्त करणारे काका, पापड लाटणारा महिलांचा गट, सर्वांना हे जमण्यासारखे आहे. प्रत्येकाजवळ गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे असे काहीतरी ज्ञान असतेच. भगिनींनो, या रविवारी जुनी वही काढा आणि गेल्या वर्षी आलेल्यांपैकी यंदा न आलेली दहा नावे लिहा. पहिले पान त्यांच्यासाठीच काढायचे आहे.