गिझरची एक्स्पान्शन टाकी : आधी हवा, मग पाणी

गच्चीवर प्रेशर पंप बसले की प्लंबर बांधवांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते : गिझर चालू केला की सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो. काही मिस्त्री सरळ त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग ठोकतात. गळती थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पण थर्मोस्टॅट अडकला तर तोच गिझर फुटू शकतो. दुप्पट मजुरी मिळाली तरी हे काम कोणी करू नये.

मुळात पाणी गळते का? २० अंशांचे पाणी ६० अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास भरते. वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर तेवढे पाणी मागे टाकीकडे सरकते. नॉन-रिटर्न असेल (आणि पुष्कळदा तो सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच असतो) तर दाब चढतो व थेंब पडतात. तापताना पडणारे चार थेंब हा दोष नव्हे. नळी लावून ते मोरीत सोडावेत. अशा गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकी मारू नये. गिझर थंड असतानाही गळत असेल तर पुरवठ्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. तेथेही टाकीचा उपयोग नाही. पंपाचा दाब, मोठा गिझर आणि तापताना सतत गळती असेल, तेथे टाकी हवी.

टाकीच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ती थंड पाण्याच्या लाइनवर, नॉन-रिटर्न आणि गिझर यांच्या मधेच बसवावी. नॉन-रिटर्नच्या मागे बसवली तर फुगलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मध्ये कॉक ठेवू नये, आणि टाकीला भिंतीवर पट्टीचा आधार द्यावा.

खरी चूक हवेत होते. टाकीत हवा पुरवठ्याच्या दाबाइतकी हवी. नुसती गच्चीची टाकी असेल तर दर १० मीटर उंचीला सुमारे १४ पौंड. पंप असेल तर तो ज्या दाबावर बंद होतो तेवढी. पंप ३ बारवर थांबत असेल तर ४३-४४ पौंड. मोजायला टायरवाल्याचा गेज आणि भरायला सायकलचा पंप पुरतो. मात्र आधी वीज बंद, थंड पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा. पाण्याचा दाब शून्यावर आल्याशिवाय गेजचा आकडा खरा नसतो.

२५ लिटरच्या गिझरला २ लिटरची टाकी पुरते, १०० लिटरला ५ लिटरची. वर्षातून एकदा अशीच हवा तपासावी. हवेची पिन दाबल्यावर पाणी आले तर पडदा फाटला आहे, हवा भरत बसू नये.