जुनी लहान मोटार कां आदळते?

लहान मोटारींत बसणाऱ्यास थोडे हिसके बसणारच. १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० चीं चाकें अवघीं १२ इंची. आणि लहान चाक खड्ड्यांत अधिक खोल उतरतें. पण जुन्या गाडीचा प्रत्येक दणका दैवावर ढकलूं नये.

शोधाचा आरंभ सोप्यापासून करावा. टायर थंड असतांना हवा मोजावी. योग्य दाब गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. हवा ज्यादा असेल, तर खड्ड्याचा धक्का थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोंचतो. टायरचें वयहि पहावें. त्याच्या बाजूवर शेवटीं ‘२३१९’ असे आंकडे असले, तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. वयानें रबर कठीण होतें.

नंतर गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा. एकदां उसळून ती स्थिरावली तर ठीक. डोलतच राहिली, किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेलें दिसलें, तर तो निकामी समजावा. मग एकाच आंसावरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदम बदलावे.

हा खर्च केवळ सुखासाठीं नव्हे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चाक रस्त्याला टेकवून ठेवतो. आणि अधांतरीं उसळलेल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाहीं.