राज्यसभेला आपण मत देत नाही, मग तिथले खासदार निवडतं कोण?

पौड : लोकसभेला बारामती आणि विधानसभेला भोर, हे दोन मतदारसंघ मुळशीकरांना पाठ आहेत. राज्यसभेसाठी मात्र आपल्या गावात कधी मतदान केंद्र लागत नाही. तरीही तिथले बहुतेक खासदार आपल्याच मतातून निघतात. ते कसं, हे समजून घेऊ.

राज्यसभेत सध्या २४५ जागा आहेत. त्यातले २३३ खासदार निवडून येतात आणि १२ जणांना राष्ट्रपती नेमतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. हे सभागृह कधीच बरखास्त होत नाही. खासदाराची मुदत ६ वर्षांची, आणि दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश खासदार निवृत्त होतात.

इथे मतदार कोण, तर निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. समजा ६ जागा भरायच्या आहेत. मग २८८ ला ७ ने भागायचं आणि त्यात १ मिळवायचा. म्हणजे एका खासदाराला ४२ आमदारांची मतं लागतात. आमदार मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे टाकतो. पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

एकेका मताला किती किंमत असते, ते १० जून २०२२ ला दिसलं. ६ जागांसाठी ७ उमेदवार उभे होते. एका आमदाराचं मत बाद झालं, निकालाला पहाट उजाडली. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक जिंकले आणि शिवसेनेचे संजय पवार पडले.

आता शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध? पैशाचं विधेयक सोडलं, तर कायदा व्हायला सहसा राज्यसभेचीही मंजुरी लागते. २० सप्टेंबर २०२० ला शेतमाल व्यापाराचं विधेयक तिथे आवाजी मतदानाने मंजूर झालं. विरोधकांनी मतं मोजायची मागणी केली, पण मोजणी झाली नाही. पुढे मोठं आंदोलन झालं आणि २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले.

त्यामुळे विधानसभेचं बटण दाबताना आपण एका मताने दोन कामं करतो. उमेदवार दारात आला की रस्ता, पाणी विचाराच; पण राज्यसभेला मत कुणाला देणार, हेही विचारा.