सुलतानाला न रुचलेला फतवा

इ. स. १३२० मध्ये दमास्कसच्या किल्ल्यात एका विद्वानाला कैदेत टाकलं गेलं. नवऱ्याने एका दमात तीनदा ‘तलाक’ म्हटलं तरी तो एकच धरावा, म्हणजे समेटाची वाट उघडी राहते, असं तो विचारायला येणाऱ्यांना सांगत होता. सुलतानाने १३१८ मध्येच त्याला मनाई केली होती. तो सांगत राहिला. त्याचं नाव इब्न तैमिया.

एका घरगुती प्रश्नावरच्या मताची सत्तेला एवढी धास्ती का वाटावी? त्या काळी तलाकची शपथ सर्रास घेतली जाई. ‘अमुक केलं नाही तर माझ्या बायकोला तीन तलाक’ अशी हमी बाजारात चाले आणि सुलतानाशी इमान राखण्याच्या शपथेतही असे. शब्द मोडला की संसार मोडला, या भीतीवर बरेच व्यवहार उभे होते. इब्न तैमियाने ती भीतीच काढून घेतली. मोडली तर प्रायश्चित्त घेऊन सुटता येईल अशी साधी शपथ, एवढीच तलाकच्या शपथेची किंमत त्याने ठरवली.

हे सांगण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? दरबाराने नाही. सुन्नी इस्लाममध्ये एक सर्वोच्च धर्मपीठ नाही. कुराण आणि हदीस यांतून कायदा उलगडण्याचं काम सुरुवातीच्या शतकांत मुख्यतः स्वतंत्र विद्वानांनी केलं. काझी निकाल देतो, तो पाळावाच लागतो. मुफ्ती विचारलेल्या प्रश्नावर मत देतो, तोच फतवा. पटला नाही तर दुसऱ्या मुफ्तीचं दार मोकळं असतं. ज्यांच्या नावाने हनफी पंथ चालतो ते कूफ्याचे अबू हनीफा रेशमी कापडाचे व्यापारी होते. खलिफा मन्सूरने देऊ केलेलं काझीपद त्यांनी नाकारलं आणि त्यापायी तुरुंग सोसला, असं परंपरा सांगते. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ पुढे हारून अल रशीदच्या दरबारात मुख्य काझी झाले. दोघांच्याही विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण खलिफाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद कापडाच्या दुकानातून आली असावी, असं मला ठामपणे वाटतं.

इब्न तैमियाचं मत चारही सुन्नी पंथांच्या प्रस्थापित मताविरुद्ध जात होतं, त्याच्या स्वतःच्या हनबली पंथाच्याही. त्याचा आधार मात्र जुना होता. पैगंबरांच्या हयातीत, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या खिलाफतीच्या सुरुवातीला एका वेळचे तीन तलाक एकच मानले जात, असं सांगणारी इब्न अब्बास यांची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. लोक उतावीळपणे तलाक देऊ लागले म्हणून उमर यांनी ते तीन धरले. इब्न तैमियाचं म्हणणं असं, की ती त्या वेळची शिक्षा होती, कायमचा नियम नव्हे. या माणसाची सगळीच मतं उदार नव्हती. त्याच्या युद्धविषयक फतव्यांचा आधार आजचे अतिरेकीही घेतात. पण या एका बाबतीत तो स्त्रीच्या संसाराच्या बाजूने उभा राहिला. १३२० च्या कैदेतून तो काही महिन्यांनी सुटला; पुढे दुसऱ्या एका फतव्यावरून पुन्हा त्याच किल्ल्यात गेला. शेवटी कागद-शाईही काढून घेतली गेली आणि १३२८ मध्ये तो कैदेतच वारला.

सहाशे वर्षांनी, १९२९ मध्ये इजिप्तने कायदाच केला: आकडा कितीही उच्चारला तरी तलाक एकच. आपल्याकडे १९६६ मध्ये हमीद दलवाई तीन तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्या तिघांपैकी न्या. कुरियन जोसेफ यांनी आपला निष्कर्ष कुराणाच्याच आधारे मांडला: समेटाचा प्रयत्न आधी, तलाक नंतर.