विषाणूचे कवच आणि बालकांचा मधुमेह

हसतेखेळते मूल थोड्याच आठवड्यांत वाळू लागते, कितीही पाणी प्यायले तरी त्याची तहान भागत नाही, रात्री लघवीसाठी त्याला वारंवार उठावे लागते, आणि तपासणीअंती पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचे बोट बहुधा मुलाच्या गोड खाण्याकडे आणि पर्यायाने त्याच्या आईकडे वळते. हा आरोप सर्वस्वी निराधार आहे. या व्याधीत देहाची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. ती का उलटते याचा शोध घेताना, आनुवंशिक प्रवणतेच्या जोडीने, संशोधकांची दृष्टी अर्धशतकाहून अधिक काळ एका अगदी सामान्य विषाणुगटावर खिळून राहिली आहे.

कॉक्सॅकी बी हे त्या गटाचे नाव. हडसन नदीकाठच्या ज्या गावातील रुग्णांच्या नमुन्यांतून डालडॉर्फ आणि सिकल्स या संशोधकांनी कॉक्सॅकी विषाणू शोधून काढले आणि १९४८ साली त्याची वार्ता प्रसिद्ध केली, त्या गावाचेच नाव त्यांना मिळाले. पोलिओच्या विषाणूशी जवळचे नाते असलेल्या या विषाणूचे जनुकद्रव्य चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींनी रचलेल्या कवचात सुरक्षित असते. त्यांपैकी व्हीपी-१, व्हीपी-२ आणि व्हीपी-३ ही प्रथिने कवचाच्या बाह्य अंगास असून व्हीपी-४ आतील बाजूस असते. संसर्ग झाला की शरीर या कवचप्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, आणि विषाणू नाहीसा झाल्यावरही ती दीर्घकाळ टिकत असल्यामुळे रक्तरस हे पूर्वीच्या संसर्गांचे जणू दप्तरच ठरते.

हे दप्तर गॅम्बल आणि टेलर या ब्रिटिश संशोधकांनी १९६९ साली उघडून पाहिले, तेव्हा नुकताच मधुमेह जडलेल्या रुग्णांत कॉक्सॅकी बी-४ विरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना दिसले. पुढे १९७९ साली, मधुमेहाने मृत्यू पावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून असाच विषाणू वेगळा करण्यात आला आणि तो टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील साखर वाढली. २००९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नुकताच मधुमेह झालेल्या ७२ तरुण रुग्णांपैकी ४४ जणांच्या स्वादुपिंडातील द्वीपकांत व्हीपी-१ हे कवचप्रथिन आढळले. मधुमेह नसलेल्या ५० बालकांत ते केवळ तिघांत होते.

तथापि या विषाणूंचा संसर्ग असंख्य मुलांना होतो आणि मधुमेह मात्र फार थोड्यांना जडतो, ही अडचण या सर्व पुराव्यांपुढे उभी राहतेच. या अडचणीवर विलक्षण प्रकाश टाकणारे संशोधन २०१६ साली ड्रेस्डेन येथील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. प्रतिपिंडे आहेत की नाहीत एवढ्यावर न थांबता, ती कवचातील नेमक्या कोणत्या प्रथिनाशी निगडित होतात याचा तपशील त्यांनी पाहिला. काही मुलांत व्हीपी-२ विरुद्धची प्रतिपिंडे पुरेशी होती, परंतु व्हीपी-१ विरुद्धची तुटपुंजी होती, आणि अशा अपुऱ्या प्रतिसादाच्या अंगी विषाणूला निष्प्रभ करण्याचे सामर्थ्य नव्हते. ज्यांच्या शरीरात कोवळ्या वयातच इन्सुलिनविरुद्ध स्वप्रतिपिंडे उद्भवली, त्या मुलांत नेमका हाच प्रकार विशेषत्वाने आढळला. याउलट ज्यांच्या यंत्रणेचा रोख गॅड या बीटा पेशींतील दुसऱ्या प्रथिनावर होता, त्यांच्यात दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे सशक्त होती. तेथे गॅडचा एक अंश आणि विषाणूचे कवचाबाहेरचे एक प्रथिन यांतील साम्यामुळे यंत्रणेची गल्लत होत असावी, असे अनुमान आहे. फ्रान्समधील लील येथील अभ्यासकांनी तर व्हीपी-४ विरुद्धची काही प्रतिपिंडे विषाणूला रोखण्याऐवजी त्याचा रक्तातील पेशींत होणारा शिरकाव सुलभ करतात, असे दाखविले आहे. तेव्हा विषाणू आला होता काय, या प्रश्नाइतकाच शरीराने त्याला कोणत्या रीतीने तोंड दिले, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

म्हणूनच कॉक्सॅकी बी-१ ते बी-५ या प्रकारांविरुद्धच्या लसीकडे आज आशेने पाहिले जाते. निरोगी प्रौढांवरील पहिल्या चाचणीत ती सुरक्षित ठरली आणि विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तिने निर्माण केली. उद्या अशी लस घेतलेल्या बालकांत या मधुमेहाचे प्रमाण खरोखर घटले, तर १९६९ पासून सूचित होत आलेला संबंध केवळ सहवासाचा नसून कार्यकारणाचा आहे, हा फैसला होईल. तूर्त इन्सुलिन हेच या मुलांचे प्राणरक्षक औषध आहे, ते थांबविण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. आणि सर्दीतापाच्या रूपाने येऊन गेलेल्या संसर्गाचा अथवा वाढदिवसाला भरविलेल्या पेढ्याचा दोष कोणत्याही आईबापांनी आपल्या माथी घेऊ नये.