खाऱ्या-गोड्या पाण्याचं पंचांग

चिलिकाला कधी जावं, हे काय पाहायचं आहे त्यावर ठरतं. पावसाळ्यात दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गढूळ पाणी ओडिशातल्या या खाजणसरोवरात शिरतं आणि त्याचा पसारा अकराशे चौरस किलोमीटरांच्या पुढे जातो. नलबन बेट तेव्हा पाण्याखाली असतं. पाणी ओसरलं की बेट वर येतं, चिखल उघडा पडतो आणि लडाखपासून सैबेरियापर्यंतचे पक्षी त्या चिखलावर उतरतात. उन्हाळ्यात नद्या रोडावतात, मग समुद्राचं खारं पाणी आत सरकतं.

हे चक्र मधल्या काळात बिघडलं होतं. गाळाने समुद्राकडची वाट बुजत गेली, पाण्याचा खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या. समुद्रातून येणारं कोळंबीचं बीज आत पोहोचेना. वर्षाची मासळी दोन हजार टनांच्याही खाली आली. 1981 साली महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत मानाने दाखल झालेलं चिलिका 1993 साली धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीत गेलं.

त्यावरच्या इलाजाचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने इथल्या प्रवाहांचा अभ्यास केला. 23 सप्टेंबर 2000 रोजी वाळूचा पट्टा खोदून सरोवराला समुद्राकडे नवं मुख उघडून दिलं गेलं. 2001-02मध्ये मासळी अकरा हजार टनांवर गेली. 2002 साली चिलिका माँत्रो नोंदीतून बाहेर पडलं. आशियात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पाहणाऱ्याने मात्र सरोवराच्या उत्तर काठावरचं मंगलाजोडी चुकवू नये. इथला भाग गोड्या पाण्याचा, लव्हाळ्यांचा. याच गावात एकेकाळी पक्ष्यांची सर्रास शिकार होई, मांस बाजारात जाई. पुढे ‘वाइल्ड ओरिसा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शिकाऱ्यांनाच राखणदार केलं, आणि राखणदारांतून वाटाडे तयार झाले. कोणता पक्षी कुठे बसतो, किती जवळ गेलं की उडतो, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होतं. आता त्या जाणतेपणावर घरं चालतात. बांबूने रेटत नेलेल्या होडीला इंजिनाचा आवाज नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काळ्या शेपटीचे गॉडविट, तलवार बदकं, थापटे, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळून दिसतात की दुर्बीण बाजूला ठेवावी. जानेवारीत साऱ्या चिलिकाची पक्षिगणना होते. अलीकडच्या अनेक वर्षांत आकडा दहा लाखांवर राहिला आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जाणकारही तीत असतात.

सातपाड्याला लोक इरावती डॉल्फिनसाठी जातात. हा प्राणी बुजरा, चोच नसलेला, गोल डोक्याचा. सगळ्या सरोवरात मिळून दीडशेच्या आसपास. क्षणभर पाठ दिसते, तेवढंच. तिथे यांत्रिक होड्या त्याच्यामागे धावतात, तेव्हा जीव कळवळतो. पर्यटकांनीच नावाड्याला इंजिन बंद करायला सांगितलं पाहिजे.

रात्री लव्हाळ्यांत वावरणारी मासेमार मांजर क्वचितच कुणाला दिसते. तिच्या गणनेत 176 मांजरं असल्याचा अंदाज निघाला.

मोठी अडचण आहे ती कोळंबीच्या घेऱ्यांची. सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच चिलिकात आणि काठापासून हजार मीटरांपर्यंत कोळंबीशेतीला बंदी केली, तरी बांबू आणि जाळ्यांची कुंपणं पुन्हा उभी राहत आली. प्रशासनाने त्यांतली बरीच हटवली, त्यानंतर डॉल्फिन सरोवराच्या दक्षिणेकडच्या रंभाच्या बाजूलाही दिसू लागल्याच्या नोंदी आहेत.