कै. शंकर आबाजी भिसे

गोंदिया ही धानाची मोठी पेठ. तिरोडा, आमगांव, गोरेगांव, सालेकसा इकडील शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचें मोल अखेर तराजूच्या कांट्यावर ठरतें. आज पेठेंत विजेचा कांटा आला आहे. परंतु माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राची कल्पना एका मराठी गृहस्थानें विजेच्या कांट्याच्या पुष्कळ आधीं साकार केली होती, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

कै. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ सालीं मुंबईस झाला. यंत्रांचा नाद बालपणापासूनचा. चौदाव्या वर्षींच त्यांनीं दगडी कोळशापासून घरच्याघरीं वायु काढण्याचें उपकरण बनविलें. पुढें लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेंत, पीठ, साखर इत्यादि जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या त्यांच्या यंत्रास बक्षीस मिळालें. त्यानंतर लंडनमध्यें दादाभाई नौरोजी यांचें साह्य त्यांस लाभलें. तेथें त्यांनीं विजेचा जाहिरात-फलक तयार केला आणि छापखान्याचे खिळे पाडण्याचें यंत्र हातीं घेतलें. मिनिटास १,२०० खिळे पाडणारें तें यंत्र पाहून जाणते लोक थक्क झाले.

पण यंत्र बनविणें निराळें आणि तें बाजारांत उभें करणें निराळें. पुरेसें भांडवल न जमल्यानें १९०८ सालीं ते स्वदेशीं परत निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीनें रतन टाटा यांनीं कांहीं काळ द्रव्यसाह्य केलें. तथापि तो आधारहि पुढें सुटला. मग अमेरिकेंत जाऊन त्यांनीं आयोडिनचें एक औषध सिद्ध केलें. त्यांच्या नांवावर सुमारें २०० शोध सांगितले जातात. ‘हिंदुस्थानचे एडिसन’ म्हणून ते गाजले, आणि ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें निवर्तले.

भिसे यांस बुद्धीची वाण नव्हती, उद्योगाची नव्हती; वाण होती ती पाठीशीं उभ्या राहणाऱ्या संघटित भांडवलाची. एकदोन धनिकांच्या मर्जीवर शोधाचें भवितव्य टांगलेलें राहिलें कीं असें होतें. आपल्या गांवींहि कोणी मळणीयंत्रांत सुधारणा करतो, कोणी रोवणीचें हत्यार घडवितो, आणि पैशाअभावीं तें पडवींत गंजत पडतें. अशा हातांस चार-चार रुपये जमवून उभें करणें हें सहकाराचें काम नव्हे काय? आमच्या सभासदांनीं याचा अवश्य विचार करावा.